लाईट आली पण प्रिंटर आला नाही: एक प्रिंटर चार कॉम्प्युटरला कसा जोडायचा

जून-जुलै लागला की आपल्याकडच्या कुठल्याही सीएससी सेंटरवर जाऊन बघा, चाळीसगाव घ्या नाहीतर चोपडा घ्या, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल, वरून पीक विम्याची गर्दी, चार पोरं चार कॉम्प्युटरवर बसलेली आणि प्रिंटर मात्र एकाच कॉम्प्युटरला लावलेला. मग पेन ड्राईव्ह घेऊन पळापळ, नाहीतर फाईल व्हॉट्सॲपवर त्या पहिल्या पोराला टाकायची आणि ओरडायचं, "भो, माझी एक काढ ना". तो बिचारा स्वतःचं काम करेल की सगळ्यांच्या प्रिंटा काढेल. मग कोणीतरी येऊन नेटवर्क करून देतो, आठवडाभर मस्त चालतं, आणि एक दिवस लाईट जाते, येते, आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर प्रिंटर ऑफलाईन. अशाच एका सेंटरवाल्याने मला फोनवर हा आजार एका वाक्यात सांगितला होता, "जिभाऊ, लाईट उनी पन प्रिंटर काही उना नही".

अशा वेळी प्रिंटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याचा पत्ता बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सगळं सेटिंग आपोआप कळायला लागतं, म्हणून ह्या लेखात मी बटणं कुठली दाबायची ह्यापेक्षा पत्त्याबद्दल जास्त बोलणार आहे.

पण आधी प्रिंटर फिरवा आणि त्याची पाठ बघा. नुसतं चौकोनी यूएसबीचं भोक असेल तर तो प्रिंटर स्वतःहून नेटवर्कवर येऊ शकत नाही, त्याला कोणातरी एका कॉम्प्युटरचा हात धरावा लागतो. शेजारी टेलिफोनच्या पिनपेक्षा थोडं मोठं, राऊटरच्या मागे असतं तसं लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरचं भोक असेल, किंवा प्रिंटरवर वायफायचं बटण असेल, तर तो स्वतःच्या पायावर उभा राहणारा प्रिंटर आहे. हे दोन प्रकार पूर्ण वेगळे आहेत आणि गडबड इथूनच सुरू होते, कारण लोक वायफायवाला प्रिंटर आणतात आणि सवयीने यूएसबीच लावून एका कॉम्प्युटरवरून शेअर करतात. तसं चालतं, पण मग पैसे वायफायचे दिले आणि काम यूएसबीचं घेतलं असं होतं.

यूएसबीवाल्यांचं आधी उरकून घेऊ, कारण एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे दोन दणकट गडी अजून ढिगाने चालू आहेत आणि दोघांनाही फक्त यूएसबी आहे. ज्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलाय तो मालक समजा. त्याच्यावर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेअरिंगच्या टॅबमध्ये शेअर धिस प्रिंटरला टिक करायची आणि नाव छोटं द्यायचं, मधे स्पेस न देता, उगाच कंपनीचं लांबलचक नाव ठेवू नका. मग त्याच कॉम्प्युटरचं नेटवर्क प्रायव्हेट आहे का पब्लिक ते बघा, पब्लिक असेल तर विंडोजला वाटतं आपण एसटी स्टँडच्या फुकट वायफायवर आहोत आणि तो शेजाऱ्यांना दारच उघडत नाही. प्रायव्हेट करा, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि आरचं बटण एकदम दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि पुढे मालक कॉम्प्युटरचं नाव टाकलं की प्रिंटर दिसतो, त्याच्यावर डबल क्लिक. आकडे, नावं सगळी अर्थात इंग्रजीतच टाकायची.

आता ह्यात दोन भानगडी आहेत. पहिली सोपी, मालक कॉम्प्युटर बंद किंवा झोपलेला असला की प्रिंटर कोणालाच मिळत नाही, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करून टाकायचं आणि तो कॉम्प्युटर सकाळी सगळ्यात आधी चालू करायचा. दुसरी भानगड जरा मोठी आहे. जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये, म्हणजे जो प्रोग्रॅम प्रिंटांची रांग सांभाळतो त्याच्यात, एक मोठं भगदाड सापडलं, त्याला प्रिंट नाईटमेअर असं नाव पडलं. ते बुजवायला मायक्रोसॉफ्टने एकामागून एक अपडेट टाकले, ऑगस्टपासून शेअर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला प्रिंटरशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागायला लागला, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर तर जगभर लोकांना शेअर प्रिंटर जोडताना शेवटी ११बी असलेला एरर यायला लागला. आजही येतो, मुख्यतः एक कॉम्प्युटर जुना, बिनअपडेटचा आणि दुसरा नवा असला की.

यूट्यूबवर ह्याचा जो उपाय सांगतात त्यात रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, जाऊन एक शून्य टाकायचा असतो. चालतो तो, नाही असं नाही, पण तो शून्य म्हणजे बुजवलेलं भगदाड आपल्या हाताने परत उकरणं आहे आणि ज्या कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांचे आधार आणि बँक पासबुक उघडतात तिथे मी तरी ते करणार नाही. आधी सगळ्या मशीनवर अपडेट पूर्ण करा. तरी अडलं तर दुसरी वाट आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाईटवरून स्वतंत्र टाका, मग ॲड प्रिंटरमध्ये मॅन्युअल निवडून नवीन लोकल पोर्ट, म्हणजे कागद पाठवायची वाट, बनवा आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा, मालकाचं नाव, एक उलटी तिरपी रेघ, प्रिंटरचं शेअर नाव असं लिहा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. आणि विंडोज ११ चं २४एच२ नावाचं मोठं अपडेट आल्यापासून बिनपासवर्डचं शेअरिंग पुष्कळ ठिकाणी अडतं, तेव्हा मालक कॉम्प्युटरवर प्रिंटसाठी एक वेगळा साधा युझर पासवर्डसकट बनवायचा आणि बाकीच्या कॉम्प्युटरवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज जिथे पासवर्ड जपून ठेवतं तिथे, तो एकदा भरून ठेवायचा. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाकायचा सल्ला सगळे देतात, तो आता जुना झाला.

हे सगळं वाचून दमला असाल तर बरोबर आहे, म्हणूनच लॅन किंवा वायफायवाला प्रिंटर असेल तर शेअरिंगच्या नादाला लागूच नका. त्याला सरळ राऊटरला जोडा, मग तो सगळ्यांचा, कोणी मालक नाही, कुठलाही कॉम्प्युटर बंद असला तरी फरक पडत नाही.

आणि आता पत्ता. राऊटरला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला, मग तो कॉम्प्युटर असो, मोबाईल असो, सीसीटीव्हीचा डबा असो की प्रिंटर, राऊटर एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, १९२.१६८.१.३५ असा काहीतरी चार तुकड्यांचा. हे नंबर वाटायचं जे काम राऊटर करतो त्याला डीएचसीपी म्हणतात. लॉजच्या मॅनेजरसारखं आहे ते, गिऱ्हाईक आलं की जी खोली रिकामी असेल तिची चावी द्यायची, तीही ठराविक मुदतीसाठी. मुदतीत परत आलात तर बहुधा तीच खोली मिळते, कारण मॅनेजरच्या वहीत नोंद असते. पण लाईट गेली की बऱ्याच साध्या राऊटरची ती वहीच कोरी होते. लाईट आल्यावर राऊटर सुरू झाला, मोबाईल खिशात चालूच होते ते लगेच चिकटले, त्यातल्या एखाद्याला ३५ नंबर मिळून गेला आणि प्रिंटर गरम होऊन जागा होईपर्यंत त्याच्या वाट्याला आला ४१. कॉम्प्युटर मात्र अजून ३५ वरच कागद पाठवतोय, तिथे आता कोणाचातरी मोबाईल आहे, तो काय प्रिंट काढणार. स्क्रीनवर ऑफलाईन.

रोज असं होत नाही, म्हणून तर ते पकडता येत नाही. दहा वेळा लाईट जाऊनही तोच नंबर मिळतो आणि अकराव्या वेळी बदलतो, आणि लोक प्रिंटर अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करतात, चालू होतो, आणि सगळ्यांना वाटतं ड्रायव्हर खराब झाला होता.

उपाय एकच, प्रिंटरची खोली कायमची बुक करायची. आधी प्रिंटरकडून त्याची माहिती काढून घ्या. बहुतेक प्रिंटरमध्ये वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरलं की एक कागद बाहेर येतो, स्क्रीन असेल तर नेटवर्कच्या मेनूत मिळतं. त्या कागदावर दोन ओळी कामाच्या, एक आयपी ॲड्रेस आणि दुसरी मॅक ॲड्रेस, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. मॅक हा कारखान्यातून आलेला, गाडीच्या चासी नंबरासारखा समजा, तो बदलत नाही. पण लक्षात ठेवा, लॅनचा मॅक वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो, ज्याने जोडणार त्याचाच घ्यायचा.

मग कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाका, तो राऊटरच्या खाली स्टिकरवर असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, फायबरवाल्या काही राऊटरला १९२.१६८.२९.१ असतो. लॉगिन केलं की लॅन किंवा डीएचसीपीच्या पानात ॲड्रेस रिझर्व्हेशन नाहीतर स्टॅटिक लीज असं काहीतरी दिसेल. तिथे प्रिंटरचा मॅक टाकायचा आणि त्याच्यासमोर नंबर, समजा शेवटी ५०. सेव्ह करा, प्रिंटर बंद-चालू करा, परत तो माहितीचा कागद काढा आणि ५० आला का बघा.

काही जण राऊटरला हात न लावता प्रिंटरच्याच सेटिंगमध्ये नंबर पक्का करून टाकतात. तेही चालतं, पण मग तो नंबर राऊटर जे नंबर वाटतो त्या रांगेच्या बाहेरचा पाहिजे, म्हणजे राऊटर १०० ते २०० वाटत असेल तर तुम्ही ५० घ्या, नाहीतर एके दिवशी राऊटर तोच नंबर कोणाला तरी देऊन टाकेल आणि दोघं भांडत बसतील. शिवाय उद्या कनेक्शन बदललं, नवीन राऊटर आला आणि त्याचा आकडाच १ च्या जागी २९ वाला निघाला की प्रिंटर जुन्या गल्लीतच राहतो, कोणालाच सापडत नाही. म्हणून मला राऊटरमधलं रिझर्व्हेशन जास्त पटतं, नवीन राऊटर आला तरी प्रिंटर निदान नवीन नंबर घेऊन दिसतो तरी.

प्रिंटरचा नंबर पक्का झाला की प्रत्येक कॉम्प्युटरवर सेटिंग्जमधून प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, ॲड डिव्हाइस, आणि तो शोधायला लागला की थांबा, तो जो प्रिंटर आपोआप दाखवतो त्याच्यावर क्लिक करू नका. खाली ॲड मॅन्युअली येईल ते घ्या आणि आयपी ॲड्रेसने जोडायचा पर्याय निवडून टीसीपी/आयपी डिव्हाइस, आणि तो ५० वाला पूर्ण नंबर. आपोआप शोधलेला प्रिंटर विंडोज बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर टाकतो, तो पक्क्या नंबरावर न चालता दर वेळी हाक मारून शोधण्यावर चालतो, आणि मग प्रिंटर समोर चालू दिसत असतानाही ऑफलाईन दाखवायचे त्याचे नखरे सुरू होतात. टीसीपी/आयपीचा पोर्ट बिचारा सरळ आहे, नंबरावर जातो, प्रिंटरचा ९१०० नंबरचा दरवाजा ठोठावतो, कागद देऊन येतो.

तरीही कधी ऑफलाईन दाखवलं तर दोन गोष्टी बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग आणि पुढे प्रिंटरचा नंबर टाका, रिप्लाय आले म्हणजे रस्ता मोकळा आहे, रिक्वेस्ट टाईम्ड आऊट किंवा डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आलं म्हणजे वायर, वायफाय किंवा नंबर ह्यातच घोटाळा आहे, ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आणि पिंग येतंय पण विंडोज ऑफलाईनच म्हणतंय तर प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कन्फिगर पोर्ट, तिथे एसएनएमपी स्टेटस एनेबल्डची टिक काढून टाका, ती टिक प्रिंटरला तब्येत विचारत असते आणि काही प्रिंटर त्या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत. नंबर बदलायची वेळ आली तरी ह्याच कन्फिगर पोर्टमध्ये बदलता येतो, प्रिंटर काढून परत टाकायची गरज नाही, हे निम्म्या मेकॅनिकांनाही माहीत नसतं.

सगळं लावून झालं की दुपारी गिऱ्हाईक नसताना मेन स्विच पाडा, पाच मिनिटं थांबा, परत चालू करा आणि चारही कॉम्प्युटरवरून एक-एक टेस्ट पेज काढा. आपल्या भागात ही परीक्षा घेतल्याशिवाय सेटिंग झाली म्हणायचं नाही, नाहीतर महावितरण ती घेतंच, आणि नेमकी गर्दीच्या वेळी. जमलं तर राऊटरला छोटा यूपीएस लावा, बारा व्होल्टचे राऊटरचे वेगळे मिळतात. प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावू नका, लेझर प्रिंटरच्या आतली टोनर भाजणारी रोलर गरम होताना काहीशे वॅट एकदम ओढते, तेवढ्या यूपीएसचा एकूण दमच साधारण साडेतीनशे वॅटच्या आसपास असतो, तो किंचाळून बंद पडतो आणि बरोबर कॉम्प्युटरलाही घेऊन जातो. प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटवर.

वायर की वायफाय असं कोणी विचारलं की मी डोळे मिटून वायर सांगतो. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते, एवढी लांबी कुठल्याच दुकानात लागत नाही. वायफाय लावणारच असाल तर बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, ५ वालं त्यांना दिसतच नाही, म्हणून सेटअपच्या वेळी मोबाईलही २.४ वरच ठेवा. आणि गिऱ्हाईकांना देता ते गेस्ट वायफाय असेल तर त्यावर प्रिंटर चढवू नका, गेस्टवाल्यांना एकमेकांशी बोलायची बहुधा बंदी असते, प्रिंटर तिथे एकटाच बसून राहील. अजून एक फसवणूक दोन राऊटरची. फायबरवाल्याचा एक राऊटर पुढच्या खोलीत, रेंज येत नाही म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणलेला दुसरा मागच्या खोलीत, आणि दुसऱ्याला पहिल्याची वायर त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घ्यायच्या भोकात लावलेली. मग दुसरा राऊटर स्वतःचे वेगळे नंबर वाटायला लागतो, दोन गल्ल्या तयार होतात, इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कोणाला शंका येत नाही, पण पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला मागचा प्रिंटर सापडत नाही. दुसऱ्या राऊटरला ॲक्सेस पॉईंट मोडवर, म्हणजे नंबर न वाटता नुसतं वायफाय पसरवायच्या कामावर, टाका, मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पहिल्याच्याच मालिकेतला पण वेगळा द्या आणि वायर लॅनच्या भोकात लावा.

रांगेचंही समजून घ्या. यूएसबी शेअरिंगमध्ये रांग एकच, मालक कॉम्प्युटरवर. सरळ नेटवर्कमध्ये मात्र प्रत्येक कॉम्प्युटरची रांग वेगळी, प्रिंटर एका वेळी एकाचं घेतो आणि बाकीचे थांबतात, म्हणून तुमची प्रिंट अडली तर दोष शेजारच्या कॉम्प्युटरवर अडकलेल्या फाईलचाही असू शकतो. नुसतं कॅन्सल करून जात नसेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर थांबवा, सी ड्राईव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स ह्या फोल्डरमधल्या फाईली उडवा, फोल्डर तसाच राहू द्या, आणि स्पूलर परत चालू करा. सगळे कागद भरलेले, टोनर भरलेला आणि तरी प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकतोय, असं असेल तर पेपर साईझ बघा, ड्रायव्हर बऱ्याचदा अमेरिकेच्या लेटर साईझवर येतो आणि ट्रेमध्ये आपला ए४, प्रिंटर कागद बदलायची वाट बघत उभा. हे प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं बदलावं लागतं. तसंच लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर बंद करा, नाहीतर शेवटी कोणी चुकून पीडीएफवर प्रिंट दिली की विंडोज त्यालाच डिफॉल्ट करून बसतं आणि पुढचा दाखला कागदावर न येता डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसतो.

मोबाईलवरून प्रिंट द्यायची असेल तर नेटवर्क प्रिंटरला ते जवळपास फुकटात मिळतं, आयफोनला एअरप्रिंट आणि अँड्रॉईडला मोप्रियावर चालणारा प्रिंटर असला की मोबाईल त्याच वायफायवर असणं एवढीच अट. पण म्हणूनच दुकानाच्या मुख्य वायफायचा पासवर्ड गिऱ्हाईकाला देऊ नका, आणि प्रिंटरचं स्वतःचं जे सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये त्याच्या नंबरवर उघडतं त्यालाही पासवर्ड लावून ठेवा. बाहेरगावाहून प्रिंट देता यावी म्हणून राऊटरमध्ये ९१०० चा पोर्ट, म्हणजे मघाचा तोच दरवाजा, इंटरनेटला उघडून देणारे महाभाग आहेत, ते तर अजिबात करू देऊ नका.

आणि नवीन घेणार असाल तर बहुतेक कंपन्यांत मॉडेलच्या नावाच्या शेवटी अक्षरं असतात ती वाचा, एन म्हणजे लॅनवर चालणारा, डब्ल्यू म्हणजे वायफाय, डी म्हणजे दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा. नुसता डब्ल्यू असला तर मागे लॅन नसण्याचीच शक्यता जास्त. दुकानदार म्हणेल वायफाय आहे ना भाऊ, मग वायर कशाला पाहिजे. डबा उघडून प्रिंटरची मागची बाजू दाखवायला सांगा, मग पैसे द्या.